निष्कर्ष झाकून वाचणारे सर

सरांच्या दवाखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं चकचकीत पत्रक दिसायचं. त्यावर दोन खांबांचा आलेख होता. बुटका खांब जुन्या औषधाचा आणि त्याच्या तिप्पट उंच खांब कंपनीच्या नव्या औषधाचा. पण तो आलेख शून्यापासून सुरू होत नव्हता, वरच्या कुठल्या तरी आकड्यापासून सुरू होत होता. सरांनी पत्रक भिंतीला डकवलं, पट्टी घेतली आणि शिसपेन्सिलीने दोन्ही खांब खाली नेत नेत जमिनीला टेकवले. मग ते जवळजवळ सारखे दिसायला लागले, शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांपैकी एकाने टोपी घालावी इतकाच फरक. पेशंट विचारायचे, "डॉक्टर, भिंतीला तडा गेलाय काय?" सर म्हणायचे, "नाही. उंची मोजलीय."

ज्या मुलाने हे पत्रक आणलं होतं, तो कंपनीचा प्रतिनिधी पुढेही येत राहिला. सर त्याला चहा द्यायचे आणि नवं पत्रक परत करायचे. "हे जाहिरातीचं झालं. मूळ लेख आण. पूर्ण. शेवटच्या बारीक टायपासकट." बहुतेक प्रतिनिधी परत येत नसत. हा आला, कारण त्यालाही ते वाचायची गोडी लागली. पुढे त्याने ती नोकरी सोडली. सरांमुळे सोडली का, हे मी सांगू शकत नाही. सरांनीही सांगू दिलं नसतं.

मी मालाडला दवाखाना टाकला तो ऐंशीच्या सुरुवातीला. तेव्हा एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "बोरिवलीला रविवारी एक माणूस लेख वाचायला बसवतो. तिकडे जाऊ नकोस. डोकं चालायला लागतं आणि प्रॅक्टिस बसते." अर्थातच मी पहिल्याच महिन्यात गेले.

सोसायटीच्या तळमजल्यावर पुढे दवाखाना आणि मागे घर. मध्ये फक्त एक पडदा. सर साठीच्या आसपासचे, उंच, थोडे वाकलेले. बुशशर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. आम्ही आजूबाजूचे पाच-सहा डॉक्टर पेशंटांच्या बाकावर दाटीवाटीने बसायचो. लेख मात्र पेशंटच्या स्टुलावर ठेवायचा. "तो तपासून घ्यायला आलाय," सर म्हणायचे. "जीभ दाखव म्हणायचं, नाडी बघायची, आणि तो सांगेल त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एका लेखाची झेरॉक्स दिली. वरचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष, दोन्हींवर खळीने कागद चिकटवलेला. मी सहज म्हणून तो ट्यूबलाइटसमोर धरला.

"दिसणार नाही," सर म्हणाले. "सगळे हेच करतात, म्हणून वर्तमानपत्राचा कागद लावतो. तुम्हाला फार तर काल सोन्याचा भाव काय होता ते दिसेल."

निष्कर्ष झाकण्यामागचं त्यांचं कारण साधं होतं. लिहिणाऱ्याने काय ठरवलं ते आधी कळलं की वाचणारा त्याच्याच वाटेने चालतो. म्हणून आधी आपला निष्कर्ष काढायचा, मग कागद सोलायचा. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. अभ्यासात माणसं कोण होती? कुणाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलं, की डॉक्टरने धडधाकट माणसं बघून त्यांना नवं औषध दिलं? मध्येच गळले किती, आणि गळले ते गेले कुठे? आणि शेवटचा, त्यांचा सगळ्यात आवडता: "हा माणूस माझ्या बाकावर बसतो का?" म्हणजे लेखातला रुग्ण आणि बोरिवलीचा रुग्ण यांचं काही नातं आहे का. परदेशात, इस्पितळात, नर्स हातात गोळी देते तेव्हा जे घडतं, ते गोळ्यांची पुडी घेऊन महिनाभर गावी जाणाऱ्या माणसात घडेल का.

हे सगळं झालं की ते लाल पेन्सिलीने लेखाच्या डोक्यावर एकच शब्द लिहायचे. "वापरा", "थांबा" किंवा "फेका". चौथा शब्द नव्हता.

ही सवय दवाखान्यापुरती राहिली नव्हती. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांचं म्हणणं आहे की टाकी साफ करून पाणी सुधारलं." सर उठले. "सगळे म्हणजे किती घरं विचारली? वरच्या मजल्यावरची धरलीत का?" पुढच्या सभेचं पत्रक त्यांच्या घरी जरा उशिराच पोचलं. बाजारात कोळीण पापलेट दाखवून म्हणाली, "एकदम ताजा हाय." सर म्हणाले, "कशाच्या मानाने?" ती म्हणाली, "डॉक्टर, घ्याचा तं घे, नायतं बाजूला हो. मागं लोकं उभी हायेत." हा किस्सा सरांच्या बायकोने, काकूंनी सांगितला. त्या दिवसापासून मासे आणायला त्या स्वतः जायला लागल्या.

काकू वेंगुर्ल्याकडच्या. वडील गिरणीत होते, बालपण लालबागला गेलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. सर शाकाहारी घरातले, मासे खायला लागले ते लग्नानंतर. काकू आमच्या रविवारच्या बैठकीत कधी बसल्या नाहीत. पडद्यामागून चहा यायचा, कधी घावणे यायचे. पण ऑपरेटरचे कान होते त्यांचे. एकदा जाताना मला हळूच म्हणाल्या, "तो आजचा लेख बरा होता गं. तुम्ही उगाच फेकलात."

सर चुकत नसत असं नाही. टीबीचा कमी महिन्यांचा नवा कोर्स आला, लघवी लाल करणाऱ्या त्या महागड्या कॅप्सूलचा, तेव्हा सरांनी त्यावर "थांबा" लिहिलं. लेखातल्या रुग्णांना गोळ्या समोर उभं राहून दिल्या होत्या. आमच्याकडे कोण उभं राहणार? आमच्यातला सावंत म्हणून एक डॉक्टर होता, त्याचा दवाखाना गोरेगावला आरे कॉलनीच्या तोंडाशी. तबेल्यांतली माणसं त्याच्याकडे यायची. सावंत म्हणाला, "सर, तुम्ही थांबा. माझा पेशंट थांबणार नाही, यार." आणि त्याने सुरू केला. गोळ्या द्यायला एका चहावाल्याला पटवलं. रोज सकाळी पेशंटने टपरीवर यायचं, चहावाल्यासमोर गोळी घ्यायची, मग चहा. त्याचे बरेचसे पेशंट पुरते बरे झाले. सर बऱ्याच काळाने त्या कोर्सकडे वळले. एका रविवारी सगळे जमल्यावर, काही विषय नसताना, ते म्हणाले, "सावंत बरोबर होता. मी उशीर केला. त्या काळात माझ्याकडचे दोघं गेले." एवढं बोलून त्यांनी पुढचा लेख स्टुलावर ठेवला. त्या दोघांची नावं त्यांना आठवत होती, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

एका साध्या दिवशी सकाळी काकू माझ्या मालाडच्या दवाखान्यात आल्या. हातात भाजीची पिशवी. बोरिवली सोडून भाजीला मालाडला कोणी येत नाही. पेशंट संपेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या आणि शेवटी आत आल्या.

"आंघोळ करताना हाताला लागलं," त्या म्हणाल्या. "बघ बरं."

मी तपासलं. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. कडक, कडा नीट न लागणारी. काखेत काही लागलं नाही. मी हात धुताना जरा जास्तच वेळ घेतला.

"सरांना सांगितलंत?"

"नाही. त्यांना सांगितलं की ते आधी विचारणार, किती बायकांत असतं, त्यातल्या किती वाचतात. माका आधी कोणीतरी हात लावून बघूक होया होता." मग पदर नीट करत म्हणाल्या, "वाईट आहे ना?"

मी म्हटलं, तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पण त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनीच सरांना सांगितलं.

तुकड्याचा रिपोर्ट आला, कॅन्सर. सर त्यांना अंधेरीच्या एका सर्जनकडे घेऊन गेले. नाव कमावलेला, अनुभवी माणूस. तो म्हणाला, पूर्ण काढू, खालच्या स्नायूसकट. त्या काळी बहुतेक सर्जन हेच म्हणाले असते. सरांनी विचारलं, एवढं काढायलाच हवं का?

"डॉक्टर, माझा अनुभव आहे," सर्जन म्हणाला.

"अनुभव मलाही आहे," सर म्हणाले. "म्हणूनच विचारतो."

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा पुढे जोडलं, "दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते. मी तिथे खुर्चीवर होते, बरं का."

परळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीतून सरांनी लेख मिळवला. अमेरिकेतल्या बायकांवरचा मोठा अभ्यास. चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले होते. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ, आणि काहींची गाठ काढून वर रेडिएशन. आपल्याकडे लोक त्याला 'शेक' म्हणत.

तो लेख त्यांनी रविवारी स्टुलावर ठेवला. सारांशावर आणि निष्कर्षावर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. नेहमी लेखाबरोबर ते एखादा रुग्ण सांगायचे, म्हणजे प्रश्न हवेत राहत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "रुग्ण, बाई. पन्नाशी ओलांडलेली. गाठ सुपारीएवढी. काख मोकळी. काय करायचं?"

मला माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं. पडद्यामागे स्टोव्हचा आवाज चालू होता.

आम्ही वाचायला लागलो. नेहमी सर एकेका ओळीखाली पट्टी सरकवत आम्हाला हाकत न्यायचे. त्या दिवशी पट्टी एकाच तक्त्यावर थांबली होती. थोड्या वेळाने त्यांनी लेख माझ्याकडे दिला. "तुम्ही वाचा. मी बेरीज करतोय ती दर वेळी वेगळी येतेय."

सावंत आपल्या पद्धतीने घाईत होता. "सर, एवढा काथ्याकूट कशाला? पूर्ण काढून टाका ना. या वयात ठेवून करायचंय काय? सुंठीवाचून..." त्याने ते वाक्य पूर्ण केलं नाही, कारण स्टोव्हचा आवाज थांबला होता.

पडदा बाजूला झाला. काकू दारात उभ्या होत्या. हातात पक्कड, तिच्यात अजून गरम पातेलं.

"कुठल्या वयात, सावंत?"

सावंत त्यांच्याकडे बघत राहिला, मग सरांकडे. सर जमिनीकडे बघत होते. सावंतच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, तसा तो बाकावरून उठला. "वहिनी, मला... मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर काय वेगळं सांगितलं असतंस?" काकूंनी पातेलं खिडकीत ठेवलं. "बस. मी पण बसते. वाचा पुढे. चहा आज नंतर."

बैठकीत त्या पहिल्यांदाच बसल्या, माझ्या शेजारी. मी वाचत गेले. लहानपणी मोठ्यांसमोर धडा म्हणावा तसा माझा आवाज येत होता. चिठ्ठ्या टाकल्या होत्या का? हो, नीट टाकल्या होत्या. गळलेल्या थोड्या होत्या, आणि त्या कुठे गेल्या ते लेखकांनी लिहिलं होतं. नुसती गाठ काढली त्यांच्यात गाठ पुन्हा त्याच जागी येण्याचं प्रमाण जास्त होतं. शेक दिला त्यांच्यात ते बरंच कमी. पण हयात किती राहिल्या, हे पाहिलं तर गटागटांत फारसा फरक नव्हता.

"किती वर्षं बघितलं?" सावंतने विचारलं. त्याचा आवाज आता वेगळा होता.

"अजून फार नाही. काही वर्षंच."

"आणि शेक?"

"रोज. काही आठवडे."

बाकाचा प्रश्न आला तेव्हा कोणी मोठ्याने विचारला नाही. तरी सगळे त्यावरच बोलत होते. बोरिवलीहून रोज परळच्या कॅन्सर इस्पितळात. मशीन बंद पडतं. नंबर लागायला वेळ लागतो. अमेरिकेतली बाई गाडीत बसून जाते. काकू सगळ्यांची तोंडं आळीपाळीने बघत होत्या.

"त्या बायकांना," त्या मध्येच म्हणाल्या, "ठाऊक होतं, चिठ्ठी निघणार ते?"

"हो," मी म्हटलं. "सांगून, विचारून घेतात."

"आणि तयार झाल्या?"

"झाल्या."

काकू म्हणाल्या, "धीराच्या म्हणायच्या. त्यांनी चिठ्ठीवर सोडलं, म्हणून आज मला चिठ्ठी टाकावी लागत नाही."

मी इतकी वर्षं असे लेख वाचत आले, पण त्या तक्त्यातले आकडे म्हणजे बायका आहेत, त्या कोणाच्या तरी घरून निघून तिथे गेल्या होत्या, हे मला त्या वाक्यापर्यंत खरं म्हणजे सुचलं नव्हतं. बहुधा कोणालाच नाही.

सावंतने नखाने वर्तमानपत्राचा कागद सोलला आणि निष्कर्ष वाचला. आम्ही काढला होता तोच होता. योग्य रुग्णात, शेक देणार असाल, तर गाठ काढणं हे पूर्ण स्तन काढण्याइतकंच चालतं.

सगळे सरांच्या लाल पेन्सिलीकडे बघायला लागले. सरांनी ती उचलली, लेखाच्या डोक्यावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"दोन्ही सारखंच," काकू म्हणाल्या. "म्हणजे माझ्यावर सोडलंय ना त्यांनी?"

"तसं लिहिलेलं नाही," सर म्हणाले.

"मग दुसरं काय लिहिलंय?"

सरांना लेखाकडून हुकूम हवा होता असं मला वाटतं. हे कर किंवा ते कर. दोन्ही वाटा सारख्याच धोक्याच्या आहेत हे गणित त्यांना कळत होतं, पण त्यातली एक निवडून बायकोसमोर ठेवणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली. तो लेख तसाच, कोरा राहिला.

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "गाठ काढायची. बाकीचं माझं आहे ते माझ्याकडे राहूदे. शेक घेईन. आणि कोणी विचारलं ना, वय किती, तर सावंतकडे पाठवीन." सावंत मान खाली घालून हसला. काकू उठल्या आणि चहा करायला आत गेल्या. आत गेल्यावर बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही. सर उठून आत गेले. आम्ही आपापल्या चपला शोधल्या आणि निघालो.

अंधेरीच्या सर्जनने नकार दिला. "कागद वाचून ऑपरेशनं होत नसतात," तो म्हणाला. सरांनी त्याचे आभार मानले, मनापासून मानले असावेत, कारण ज्यावर आपला विश्वास नाही ते करायला तो तयार झाला नाही, हे त्यांना पटलं होतं. परळला एक तुलनेने तरुण सर्जन भेटला. त्याने तो लेख आधीच वाचला होता. त्याने गाठ काढली, काखेतलंही काढून तपासलं, आणि जखम भरल्यावर शेक सुरू झाला.

दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: सकाळी दवाखाना बंद, कारण घरगुती. सर रोज काकूंबरोबर जायचे. तिकडच्या बाकावर इतर नवऱ्यांमध्ये बसायचे. पहिल्या आठवड्यात तिथल्या लोकांना विचारत सुटले, किती दिवस झाले, काय त्रास होतो, कोण मध्येच सोडून गेलं. मग काकूंनी त्यांना एक मासिक विकत घेऊन दिलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

अर्ध्यावर आल्यावर काकू थकल्या. कातडी काळी पडली होती, हात जड झाला होता, ब्लाउज घालता येत नव्हता. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते. काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी जात नाही. माका जमणा नाय."

सर दारात उभे होते. मला वाटलं, ते आता आकडे सांगतील.

"अर्धवट सोडलं तर काय होतं," काकूंनी भिंतीलाच विचारलं, "ते लिहिलंय काय त्या तुमच्या लेखात?"

"नाही," सर म्हणाले. "सोडून गेलेल्यांबद्दल कोणीच फारसं लिहीत नाही. मला आयुष्यभर त्याचा राग आलाय."

काकू आमच्याकडे तोंड करून वळल्या. "एवढा राग आहे तर मग उद्या लवकर निघूया. उन्हाच्या आधी," त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली आणि दवाखान्यात जाऊन उगाचच औषधांच्या बाटल्या पुसत बसले.

काकू राहिल्या. पुष्कळ वर्षं राहिल्या, सरांच्याही नंतर. त्यांच्यामुळे लेख खरा ठरला असं मी म्हणणार नाही. पूर्ण काढलं असतं तरी कदाचित राहिल्या असत्या. एका बाईवरून काही ठरत नाही, हे सरांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आता माझंच मत झालंय. सोसायटीतल्या कोणी त्यांना "तुमची बायको बरी झाली ना" असं विचारलं, तर सर म्हणायचे, "आत्तापर्यंत ठीक आहे." काकूंना याची चीड यायची. "लोकं पेढे वाटतात, आणि हे बघ, 'आत्तापर्यंत'," असं त्या मला सांगायच्या.

रविवारची बैठक नंतरही चालू राहिली. काकू आता पडद्यामागे बसत नसत. सावंत त्यांच्या शेजारी बसायचा आणि बोलण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघायचा.

काकूंना तपासणीसाठी परळला जावं लागायचं. एका खेपेला तिथे नवा मुलगा होता, नुकताच डॉक्टर झालेला. काकू समोर बसलेल्या असताना त्याने पेन उघडलं आणि मागे उभ्या असलेल्या सरांना विचारलं, "पेशंटला काही त्रास? तब्येत कशी वाटते?"

सर म्हणाले, "माझं उत्तर लिहू नका. मी तिच्या बाजूचा आहे."

मुलगा गोंधळला. "म्हणजे?"

"म्हणजे मला ती बरी झालेलीच दिसणार. मला तेच बघायचंय. तिला विचारा."

हे काकूंनी मला नंतर सांगितलं. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, त्या मटार सोलत होत्या. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार," काकू म्हणाल्या. "मी त्याला सांगितलं, मी बरी आहे. त्याने लिहून घेतलं."